नाताळची गाडी आणि वळिवड्याचे स्टेशन

वाहनाला शृंगारण्याची हौस मनुष्यजातीस फार जुनी आहे. ज्याच्या खांद्यावर भार टाकून आपण वर्षभर संसार हाकतो त्याला वर्षातून एक दिवस तरी नटवावे, ओवाळावे आणि गोडाचा घास द्यावा, ही बुद्धी कृतज्ञतेतून उपजलेली आहे. आमच्या करवीर प्रांतात बेंदराच्या सणाला बैलांची शिंगे रंगवितात, पाठीवर झूल घालतात आणि पुरणपोळीचा घास आधी त्यांच्या मुखी देतात. कोळी नारळी पौर्णिमेस आपली होडी रंगवितो. देवाची पालखी तर फुलांखाली दिसेनाशी होते. तेव्हा वाफेच्या बळावर धावणारी गाडी आपल्या देशात आली आणि लोकांच्या अंगवळणी पडली, त्यानंतर हीच रीत तिच्याही वाट्यास आली, ह्यात नवल करण्याजोगे काही नाही.

अलीकडे डिसेंबर महिना उजाडला म्हणजे परदेशांतील नाताळच्या आगगाड्यांची चित्रे आपल्या घरोघर पाहावयास मिळतात. बर्फाळ रानातून लाल-हिरव्या दिव्यांनी लखलखणारी गाडी चालली आहे, डब्याच्या दारात पांढऱ्या दाढीचा म्हातारा हात हालवीत उभा आहे, असे ते दृश्य असते. मुले विचारतात, 'आपल्याकडे अशी गाडी का नाही?' घरातील एखादे वडील माणूस उत्तर देते, 'तो आपला सण नव्हे.' मुलांचा प्रश्न रास्त आहे. वडिलांचे उत्तर मात्र आम्हांस पुरते पटत नाही. नाताळ आणि आगगाडी ह्यांचा आपल्या देशात शंभर वर्षांहून अधिक काळाचा संबंध आहे, आणि त्या संबंधाचे सर्वांत गंभीर प्रकरण कोल्हापुरापासून थोड्याच मैलांवर असलेल्या वळिवडे नावाच्या लहानशा स्टेशनाजवळ घडले आहे. त्याची ओळख करून देण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम परदेशची हकीकत पाहू. नाताळचे झाड मूळचे जर्मन लोकांचे. राणी व्हिक्टोरिया आणि तिचा जर्मन पती आल्बर्ट हे आपल्या मुलांसह शृंगारलेल्या झाडाभोवती उभे आहेत, असे चित्र १८४८ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात छापले गेले आणि ती चाल इंग्लंडातील मध्यमवर्गात झपाट्याने पसरली. ह्याच सुमारास आगगाड्यांचे जाळेही तेथे पसरत होते. कारखान्यांच्या शहरांत पोटासाठी गेलेले लोक वर्षातून एकदा गावाकडे परतू लागले. खेड्यांतील बदके व टर्की शहराच्या बाजारात येऊ लागली. १८७१ च्या कायद्याने नाताळनंतरचा दिवसही सुट्टीचा ठरला. आज आपण ज्याला इंग्रजी नाताळ म्हणतो, त्या घरी परतण्याच्या सणाची घडण धर्ममंदिराइतकीच आगगाडीनेही केली आहे. आपल्याकडे माहेरवाशीण दिवाळीला येते तिची वाट एस. टी. ने जशी सुकर केली, तसाच हा प्रकार होय.

ह्याच गाडीची प्रतिकृती पुढे नाताळच्या झाडाखाली जाऊन बसली. म्यर्क्लिन नावाच्या जर्मन खेळणी-कारखान्याने १८९१ साली लाइप्झिगच्या व्यापारी जत्रेत चावीने चालणारी गाडी व तिचे जोडता येणारे रूळ मांडले. दर नाताळला नवा डबा किंवा रुळांचा नवा तुकडा घेऊन जुन्या खेळात भर घालावी, अशी ती योजना होती. ज्या वर्षी लाइप्झिगच्या जत्रेत खेळण्यातली गाडी धावू लागली, त्याच वर्षी कोल्हापुरात खरी गाडी आली, हा योगायोग वाचकांस मौजेचा वाटेल.

खऱ्याखुऱ्या गाडीला नाताळसाठी सजविण्याची सध्याची मोठी प्रथा मात्र बरीच अर्वाचीन आहे. अमेरिकेतील शिकागो शहराच्या लोकल रेल्वेने १९९२ साली एक गाडी दानधर्माच्या संस्थांना अन्न पोचविण्यासाठी काढली आणि तिच्यावर सणाच्या शुभेच्छांची पाटी लावली. तेवढ्या बीजातून दिव्यांची आणि उघड्या डब्यावर बसलेल्या नाताळबाबाची गाडी वाढली. कानडातील पॅसिफिक रेल्वे कंपनीने १९९९ पासून अशी गाडी चालविली आहे. ही गाडी सुमारे हजार फूट लांबीची असून तिच्यावर लाखो दिवे असतात. ती गावोगाव थांबते, एका मालडब्याची बाजू उघडून तिचा रंगमंच होतो, अर्धा तास गाणे-बजावणे चालते आणि गाडी पुढे निघून जाते. पाहावयास येणाऱ्यांनी तिकीट काढावयाचे नसते. गरिबांच्या अन्नकोठीसाठी काही शिधा घेऊन यावयाचे असते. कंपनीची जाहिरात होते हे खरे, आणि कंपन्या केवळ पुण्यासाठी दिवे लावीत नाहीत हेही खरे. तथापि दिव्यांच्या मागे शिध्याची पोती आहेत, ही गोष्ट चित्रात दिसत नाही म्हणून मुद्दाम सांगितली पाहिजे.

आता आपल्याकडे वळू. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीन वाजता बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी सुटली, तेव्हा तिला १४ डबे व ३ इंजिने होती, सुमारे ४०० निमंत्रित आत बसले होते आणि २१ तोफांची सलामी झाली. अंतरही मौजेने २१ मैलांचेच होते. हा सोहळा सरकारचा आणि कंपनीचा होता. सामान्य लोक रुळांच्या दोहों बाजूंस उभे राहून पाहत होते. येथे शृंगार आणि सलामी ही सत्तेची भाषा होती, आणि ती भाषा आजतागायत चालू आहे. १६ सप्टेंबर २०२४ रोजी कोल्हापूर-पुणे वंदे भारत गाडी सुरू झाली, त्या आरंभाला पंतप्रधानांनी दाखविलेला झेंडा होता. तोफा गेल्या, हार राहिले.

कोल्हापूरच्या रेल्वेची कथा थोडी निराळी आहे, कारण ही रेल्वे संस्थानची स्वतःची होती. १८८८ साली बाल शाहू महाराजांच्या हस्ते तिच्या कामाची पहिली कुदळ पडली. त्या वेळी महाराज चौदा वर्षांचेही झाले नव्हते. राज्याधिकार तर त्यांच्या हाती १८९४ साली आला. मिरजेपासून कोल्हापूरपर्यंतचा सुमारे २९ मैलांचा मीटरगेज मार्ग १८९१ च्या एप्रिलात वाहतुकीस खुला झाला. मार्ग दरबारचा व चालविणारी सदर्न मराठा रेल्वे कंपनी, अशी ती व्यवस्था होती. पुढे १८९५ साली महाराजांनी स्टेशनाच्या अंगाला शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसविली आणि कोल्हापूरचा गूळ वाघिणींत भरून बाहेर जाऊ लागला. मार्गावर जयसिंगपूर हे गावच नव्याने वसले. ज्या लोहमार्गाचा आरंभ एका मुलाच्या हातच्या कुदळीने झाला, त्याच्या टोकाच्या स्टेशनाला आज श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनस असे नाव आहे, हे उचितच झाले.

ह्या मार्गावर आणि देशातील इतर मार्गांवर गाडीचा जो खरा देशी शृंगार होतो, तो उद्घाटनाचा नव्हे, तर खंडेनवमीचा. त्या दिवशी इंजिनांच्या शेडमध्ये आणि कारखान्यांत कामगार पाने, हातोडे, कंदील स्वच्छ पुसून मांडतात; इंजिनाला झेंडूच्या माळा, केळीचे खुंट आणि उसाची कांडी बांधतात; त्याच्या कपाळी हळदकुंकू लावून नारळ फोडतात. बेंदराचा बैल आणि खंडेनवमीचे इंजिन ह्यांत आम्हांस तत्त्वतः काही भेद दिसत नाही. हा शृंगार वरून हुकूम आला म्हणून होत नाही. जो माणूस वर्षभर त्या यंत्राच्या धगीशी बसतो, तो आपल्या पदरचे चार पैसे घालून तो करतो. आणि त्यानंतर तोच माणूस दसऱ्याला व दिवाळीला कामावर हजर होतो. इंग्लंडात नाताळच्या दिवशी गाड्या आता जवळजवळ बंदच असतात. आपल्याकडे दिवाळीच्या पहाटेही ड्रायव्हर, गार्ड आणि सांधेवाला जाग्यावर असतात. आपला सण साधावा म्हणून ज्यांचा सण चुकतो, त्यांनीच यंत्राची पूजा करावी, ह्यात एक करुण भाव आहे. दिव्यांच्या झगमगाटात तो विसरू नये.

ह्या दोन प्रकारांच्या मध्ये दख्खनच्या राणीचा तिसरा प्रकार बसतो. १ जून १९३० रोजी मुंबई-पुणे मार्गावर ही गाडी धावू लागली, तेव्हा तिचा शृंगार रंगाचा होता. डब्यांचा एक संच रुपेरी असून त्यावर लाल कडा होत्या. दुसरा गर्द निळा असून त्यावर सोनेरी रेघा होत्या. पुढे नित्य प्रवास करणाऱ्या मंडळींनी तिचा वाढदिवस करण्याची चाल पाडली. फुलांच्या माळा, तोरणे, नारळ आणि त्याबरोबर केक! साहेबाच्या टेबलावरचा केक आणि आपल्या देव्हाऱ्यातला नारळ एकाच फलाटावर शेजारी बसले, आणि कोणाचा धर्म बुडाला नाही. लोकांना जे आपले वाटते त्याचा शृंगार ते हाताशी असेल त्या साहित्याने करतात. साहित्य कोठून आले ह्याची चौकशी मागाहून पंडित करतात.

नाताळाने मात्र आपल्या आगगाडीला दिवे दिले नाहीत. त्याने तिला दुसरेच काही दिले. त्याने सुट्टी दिली. 'नाताळ' हा शब्दच आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला आणि मराठीत इतका मुरला की तो परका आहे, हे शाळेतील मुलास सांगावे लागते. इंग्रजी अमलात कोर्टे, कचेऱ्या, शाळा व कॉलेजे डिसेंबरअखेर बंद राहू लागली. वकील, प्रोफेसर, शाळामास्तर, वर्तमानपत्रकार ह्या वर्गाला एकाच वेळी मोकळा असा तोच आठवडा होता. म्हणून २८ डिसेंबर १८८५ रोजी मुंबईस गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत ७२ प्रतिनिधी जमून राष्ट्रसभा भरली, आणि पुढे कित्येक वर्षे ती नाताळातच भरत गेली. १८९५ चे पुण्याचे अधिवेशन, १९०७ चे सुरतेचे, १९२० चे नागपूरचे, ही सारी डिसेंबरातली. राज्यकर्त्यांच्या सणाची सुट्टी आणि राज्यकर्त्यांचीच आगगाडी, ह्या दोहोंचा उपयोग करून लोक त्यांच्याच राज्याचा जाब विचारावयास एकत्र आले. इतिहासात असा विनोद क्वचितच सापडतो.

ह्या मालिकेतील आमच्या मुलखाला जवळचे अधिवेशन म्हणजे बेळगावचे. २६ व २७ डिसेंबर १९२४ रोजी ते भरले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकच अधिवेशन होय. गंगाधरराव देशपांडे ह्यांनी त्याची सारी सिद्धता केली होती आणि सभास्थानाला विजयनगर असे नाव दिले होते. पुण्याकडून बेळगावास रेल्वेने जावयाचे तर मिरजेवरूनच जावे लागे, आणि कोल्हापूरकरास तर दुसरी वाटच नव्हती. तेव्हा त्या नाताळात मिरज जंक्शनावरून गेलेल्या गाड्यांना आम्ही आमच्या मुलखातल्या नाताळच्या गाड्या म्हणतो. त्यांवर दिवे नसतील. पण तिसऱ्या वर्गाच्या बाकांवर जी माणसे बसली होती, त्यांच्या डोक्यांत एका देशाची कल्पना आकार घेत होती. पुढे १९२९ च्या लाहोर अधिवेशनात ही प्रथा बदलण्याचे ठरले, कारण डिसेंबरची थंडी गरिबांना सोसवत नाही. नाताळची सुट्टी सोयीची होती ती सुशिक्षितांना. हा बदलही अर्थपूर्ण आहे. सभा जशी वकिलांकडून शेतकऱ्यांकडे सरकली, तसे तिचे पंचांगही सरकले.

मिरजेवरून नाताळात आणखी एक प्रवाह वाहत असे. तो गोवेकरांचा. मुंबईत आचारी, वाजंत्री, शिंपी, कारकून म्हणून राबणारे गोव्याचे ख्रिस्ती लोक गावागावांच्या नावाने चालविलेल्या 'कूड' नामक बिऱ्हाडांत राहत, आणि नाताळ जवळ आला की घराकडे निघत. कोणी आगबोटीने जात. कोणी पुणे, मिरज, लोंढा ह्या मार्गाने कॅसलरॉकच्या घाटापर्यंत जाऊन तेथे पोर्तुगीज हद्दीत शिरत. १९५५ साली सत्याग्रहानंतर हा रेल्वेसंबंध तुटला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा नाताळ अवघ्या सहा दिवसांवर होता. १९९८ साली कोकण रेल्वे पुरी सुरू झाल्यापासून नाताळासाठी मुंबईहून गोव्याकडे जादा गाड्या सोडण्यात येतात; परंतु त्यांत घरी परतणाऱ्यांबरोबर केवळ मौजेस जाणाऱ्यांचीही मोठी गर्दी असते. गाडी तीच, तिच्यातील नाताळ निराळा.

असो. आता ज्या प्रकरणासाठी हा सारा प्रपंच मांडला त्याकडे येऊ.

मिरजेहून कोल्हापूरकडे येताना पंचगंगेचा पूल ओलांडल्यावर रुकडीच्या पुढे वळिवडे स्टेशन लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, ह्या स्टेशनाजवळच्या माळावर पोलंड देशाच्या निर्वासितांची वसाहत उभी राहिली. सुमारे पाच हजार लोक तेथे राहत होते, आणि त्यांत बायका, मुले व वृद्ध हेच फार. दगडी जोत्यावर उभारलेल्या, चटयांच्या भिंतींच्या व कौलारू छपरांच्या लांब चाळी, त्यांपुढे ओसरी, मध्ये रस्ते, शाळा, इस्पितळ, प्रार्थनामंदिर आणि नाट्यगृह, असे ते एक गावच होते. गुजरातेत नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे पोलिश मुलांना आश्रय दिला होता. १९४६ साली तेथील मुलेही वळिवड्यास आली.

हे लोक येथे कसे आले? १९३९ च्या सप्टेंबरात जर्मनी व रशिया ह्यांनी पोलंड वाटून घेतला. १० फेब्रुवारी १९४० च्या रात्रीपासून रशियन अंमलदारांनी पूर्व पोलंडातील शेतकरी, वनरक्षक, शिक्षक, सैनिकांच्या बायकामुले ह्यांना घराबाहेर काढून आगगाडीत कोंबण्यास प्रारंभ केला. ह्या गाड्या म्हणजे जनावरांच्या वाघिणी. आत फळ्यांचे माळे, मध्ये एखादी शेगडी, शौचासाठी तळाला भोक, आणि बाहेरून कडी. कडाक्याच्या थंडीत आठवडेच्या आठवडे प्रवास होऊन सैबेरियात व कझाकस्तानात त्यांना उतरविण्यात आले. वाटेत जी माणसे गेली, त्यांत तान्ही मुले पुष्कळ होती. १९४१ च्या जूनमध्ये जर्मनीने रशियावर चाल केली तेव्हा राजकारण पालटले, जुलैत करार झाला आणि ह्या लोकांची सुटका झाली. १९४२ मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून लाखाच्या वर माणसे इराणात पोचली. त्यांतील पुरुष सैन्यात गेले. उरलेल्यांपैकी काही कराचीमार्गे हिंदुस्थानात आली. आणि अखेर मिरजेवरून मीटरगेजच्या लहान डब्यांतून ती वळिवड्याच्या फलाटावर उतरली.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. ज्यांनी आगगाडीचे ते रूप पाहिले, त्यांना आगगाडीची शिटी ऐकून काय वाटत असेल? ह्या वसाहतीच्या उशालाच रूळ होते. कोल्हापूर-मिरज गाडी तिच्या शेजारून धडधडत जात असे. तीच गाडी शहराकडे बाजारास नेई, तीच टपाल आणी, आणि युद्धावर गेलेल्या बापाची वा भावाची बातमीही त्या टपालातच येई. ज्या यंत्राने घर हिरावले, त्याच जातीच्या यंत्राने त्यांना निवाऱ्यास आणून सोडले. यंत्राला स्वतःचे पाप नाही व पुण्यही नाही. बाहेरून कडी घालणारा हात आणि दार उघडणारा हात, ह्यांत जो भेद आहे तोच खरा.

ह्या वस्तीने १९४३ पासून कोल्हापूरच्या माळावर आपले नाताळ केले. पोलिश लोकांची नाताळची रीत जाणून घेण्याजोगी आहे. २४ डिसेंबरच्या सायंकाळी पहिली चांदणी दिसेपर्यंत ते उपाशी असतात. आपल्याकडे संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहतात तसेच. चांदणी दिसली की घरातील सर्व मंडळी पापडाहून पातळ अशा पवित्र पोळीचा तुकडा एकमेकांच्या हातून मोडून घेतात, मागील वर्षाचे रुसवे-फुगवे विसरण्याची विनंती करतात आणि पुढल्या वर्षाचे शुभ चिंतितात. आपला तिळगूळ ह्याहून निराळा काय आहे? मेजावरच्या कापडाखाली ते थोडे सुके गवत पसरतात, कारण येशूचा जन्म गोठ्यात झाला. जेवण निरामिष नसले तरी मांसाविना असते आणि बारा पदार्थांचा परिपाठ असतो. मध्यरात्री प्रार्थनेस जावयाचे असते. आणि सर्वांत हृद्य गोष्ट म्हणजे मेजाशी एक आसन व एक पान रिकामे ठेवावयाचे. ते अनपेक्षित अतिथीसाठी. जेवणापूर्वी दारात येऊन कोणी भुकेला आहे काय हे पाहण्याची आपली जुनी रीत ज्यांस ठाऊक आहे, त्यांना ह्या रिकाम्या पानाचा अर्थ समजावून सांगणे नको.

परंतु वळिवड्यातील त्या रिकाम्या आसनाला आणखी एक अर्थ होता. बहुतेक घरांत कोणी ना कोणी नव्हतेच. कोणाचा बाप इटलीच्या आघाडीवर, कोणाची आई कझाकस्तानच्या मातीत, कोणाचे भावंड वाटेतच राहिलेले. डिसेंबरात कोल्हापूरच्या आसपास गुऱ्हाळे सुरू होतात, काहिलीतील रसाचा वास शिवारात भरून राहतो, रात्री हवेत गारठा असतो पण बर्फाचे नाव नाही. अशा परक्या ऋतूत, चटयांच्या भिंतींआड, ही मंडळी आपल्या चांदणीची वाट पाहत बसत. अतिथीसाठी पान वाढणारे स्वतःच अतिथी होते.

कोल्हापूरच्या आतिथ्याची येथे पोकळ बढाई मारू नये, असे आम्हांस वाटते. जागा दरबारची होती. योजना हिंदुस्थान सरकारची. आणि खर्च प्रारंभी लंडनमधील निर्वासित पोलिश सरकारचा. शिवाय हे १९४३ चे वर्ष म्हणजे बंगालच्या भीषण दुष्काळाचे वर्ष. ज्या राजवटीला पोलिश निर्वासितांसाठी गाड्या मिळाल्या, त्याच राजवटीत आपली लाखो माणसे अन्नावाचून मेली, हे इतिहासाने झाकू नये. परंतु त्याबद्दल वळिवड्याच्या पोरक्या मुलांस दोष देता येत नाही. आणि जे शेजारधर्माने वागले, भाजी विकावयास, काम करावयास व गप्पा मारावयास त्या वस्तीत गेले, त्या आसपासच्या खेड्यांतील साध्या लोकांचे श्रेयही कमी होत नाही. राज्ये जागा देतात. शेजार माणसेच देतात.

१९४५ च्या जुलैत ब्रिटन व अमेरिका ह्यांनी लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. युद्ध जिंकले गेले आणि ह्या लोकांचे घर कायमचे गेले, कारण त्यांची गावे आता रशियाच्या हद्दीत पडली होती. १९४७-४८ मध्ये वसाहत रिकामी झाली. कोणी इंग्लंडास गेले, कोणी आफ्रिकेतील छावण्यांत, कोणी आणखी दूर. थोडे मायदेशी परतले. काहींची माती येथेच राहिली. कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांच्या समाधी आहेत. आणि ज्या चाळी रिकाम्या झाल्या, त्यांत फाळणीने उखडलेले सिंधी निर्वासित येऊन राहिले. तेच आजचे गांधीनगर; कापडाच्या व्यापारासाठी नावाजलेले. एकाच दशकात एकाच लहान स्टेशनावर दोन देशांचे बेघर लोक उतरले. असे भाग्य म्हणा, दुर्भाग्य म्हणा, फार थोड्या स्टेशनांच्या वाट्यास आले असेल.

ह्या आठवणी पुसल्या गेलेल्या नाहीत. कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांचा स्मृतिस्तंभ आहे. लहानपणी वळिवड्यात वाढलेले लोक म्हातारपणी मुद्दाम येथवर येऊन गेले. पोलंडची राजधानी वॉर्सा येथे ह्या वसाहतीचे स्मारक असून २१ ऑगस्ट २०२४ रोजी भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पांजली वाहिली. तेथे कोल्हापूर हे नाव दगडात कोरलेले आहे, हे कोल्हापुरातल्या किती शाळकरी मुलांना ठाऊक आहे?

आता मुलांच्या त्या मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्याकडे नाताळची गाडी का नाही? आमचे उत्तर असे, की ती आहे. फक्त ती दिव्यांनी सजलेली नव्हती म्हणून आपण तिला ओळखले नाही. बेळगावास निघालेले प्रतिनिधी, कॅसलरॉकचा घाट उतरणारा गोवेकर आचारी, वळिवड्यास उतरलेली बोटाला धरलेली मुले, ही सारी आपल्याच रुळांवरची नाताळची माणसे होत. आणि 'तो आपला सण नव्हे' असे म्हणणाऱ्या वडील मंडळींस आमचे नम्र सांगणे एवढेच, की सण कोणाचा ह्यापेक्षा त्या दिवशी दारात कोण उभे आहे, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी अधिक महत्त्वाचा मानला होता. शिकागोची गाडी अन्न पोचविण्यासाठी निघाली म्हणून तिचे दिवे शोभतात. खंडेनवमीचे इंजिन घामाच्या हातांनी सजते म्हणून त्याचा झेंडू शोभतो. ज्या शृंगाराच्या मागे अशी काही देणगी नाही, तो शृंगार सुंदर असेल, पण तो पाहून मन भरत नाही.

आमची रेल्वेच्या अधिकाऱ्यांस व कोल्हापूरकरांस एक लहानशी सूचना आहे. तिला हजार फुटांची गाडी नको, लाखो दिवे नकोत. दरसाल २४ डिसेंबरच्या सायंकाळी, चांदणी दिसण्याच्या वेळेस, वळिवड्याच्या फलाटावर एक दिवा लावावा, आणि मिरजेकडून येणाऱ्या सायंकाळच्या गाडीत खिडकीजवळची एक जागा मोकळी ठेवून तिच्यावर झेंडूची एक माळ घालावी. मुलांनी विचारले, की ही जागा कोणाची, तर त्यांना हा सारा इतिहास सांगावा. तेवढा वेळ गाडीत असतो; वळिवड्यापासून कोल्हापूर काही दूर नाही.